काविळीच्या औषधाचं घर

वडील जाऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी भेटायला येणाऱ्यांसाठी मी ओसरीवर सतरंजी अंथरत होते. फाटकाशी एक माणूस उभा दिसला. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, आणि डोळे हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे पिवळे. मला वाटलं, भेटायला आला असेल. मी म्हटलं, "या, बसा."

तो आत आला, चपला काढून ओसरीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "उपाशीपोटी आलोय. चा सुदिक घेतला न्हाय."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की हा औषधाला आलाय. अण्णा आता नाहीत, असं मी त्याला सांगितलं.

"कुटं गावाला गेल्यात?"

"वारले."

त्यानं मान हलवली, पण तो उठला नाही. म्हणाला, "मग आता कोण देतंय?"

"कुणी नाही."

तरी तो बसून राहिला. भेटायला येणारे आले, रडले, पाणी पिऊन गेले. हा आपला कडेला, पिशवी मांडीवर धरून. शेवटी आई आतून आली. अण्णा गेल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. तिनं त्याच्या डोळ्यांकडं बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाली, "रविवारी या."

मला वाटलं, दुःखानं तिला भान राहिलेलं नाही.

आमचं गाव अक्कलकोट रस्त्याला, कुंभारी ओलांडली की आत वळावं लागतं. गावात उतरून कुणालाही काविळीच्या औषधाचं घर विचारलं, की तो आमच्या घराकडं बोट दाखवायचा. आमचं आडनाव माहीत नसलेली माणसंही हे घर ओळखून होती. अण्णा गावातूनच सोलापूरच्या गिरणीत कामाला जायचे. गिरणी बंद पडल्यावर ते घरची थोडकी शेती करू लागले. औषध मात्र ते त्याच्या कितीतरी आधीपासून द्यायचे. त्यांच्या चुलत्यांनी ते त्यांच्या हाती दिलं होतं.

औषध म्हणजे भुईआवळी. वीतभर उंचीचं रोपटं, आवळ्यासारखी बारीक पानं, आणि पानांच्या खालच्या अंगाला मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं लटकलेली. पावसाळ्यात ती बांधावर कुठंही उगवते, खुरपायला आलेल्या बायका तण म्हणून उपटून फेकतात. उन्हाळ्यात आमच्याकडं हिरवं म्हणून काही उरत नाही, तेव्हा ती फक्त विहिरीजवळच्या हौदाखाली सापडायची, पाणी झिरपून जमीन ओली राहते तिथं. यात गुपित काही नव्हतं. निम्म्या गावाला ती ओळखू येत होती. पण स्वतःच्या हातानं उपटून कुणी खात नसे. ती अण्णांच्याच हातून घ्यायची, असं सगळे मानून चालले होते.

अण्णांची रीत ठरलेली होती. रविवारी आणि बुधवारी द्यायचं. आदल्या दिवशी ऊन उतरलं की ते हौदाकडं जायचे, रोपट्याच्या बुडाशी हळदकुंकू आणि चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि माणसाला सांगावं तसं त्याला सांगायचे, "उद्या यायचं हाय माझ्यासंगं." सकाळी उजाडताना जाऊन आणायचे. जाताना कुणाशी बोलायचं नाही, आणि उपटताना रोपट्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. मग पाट्यावर वाटून, ताकात कालवून, पितळी वाटीनं एकेकाला पाजायचे. तेल नको, हळद नको, मटण-मासळी नको. ज्वारीची भाकरी, ताक, मुळ्याचा पाला खायचा आणि पडून राहायचं.

आणखी एक नियम होता. बरं वाटलं तरी सांगायला परत यायचं नाही. आभार मानले तर औषधाचा गुण जातो, असं चुलत्यांनी सांगितलं होतं म्हणे. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठी झाल्यावर वाटायला लागलं. इतकी माणसं आमच्या ओसरीवर बसून वाटी तोंडाला लावून गेली, त्यातलं कोण जगलं आणि कोण गेलं, हे अण्णांना कधी कळलंच नाही. बाजारात, एसटीत कुणी त्यांच्याकडं रोखून बघितलं, की ते नजर खाली घालायचे. मला ते लाजाळूपण वाटायचं.

ते वेडे नव्हते. आलेल्याची खालची पापणी ओढून बघायचे, भूक कशी आहे, लघवी कसल्या रंगाची होते, विचारायचे. कुणाचं पोट फुगलेलं दिसलं, कुणी बरळत असलं, तर औषध न देता दवाखान्यात पाठवायचे. आणि गरोदर बाई असली तर तिला ओसरीवर बसूही द्यायचे नाहीत. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज चढायचा. "हितं थांबू नका. आताच्या आता सोलापूर गाठा." स्वतः रस्त्यापर्यंत चालत जाऊन येणारी गाडी थांबवायचे, आणि ती बाई गाडीत बसून दिसेनाशी झाली तरी तिथंच उभे राहायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. आई तेव्हा आत निघून जायची.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापण्याच्या विभागावर देखरेख करते. घर, नवरा, मुलगी, सगळं सोलापुरातच. सुट्टीच्या दिवशी गावी जायचं, एवढाच माहेराशी संबंध उरला होता. अण्णा गेल्यावर आईला मी शहरात चल म्हणून पुष्कळ विनवलं. ती म्हणायची, "दोन म्हैने जाऊ दे." दोनाचे चार झाले.

एका रविवारी मी लवकरच्या एसटीनं गेले. फाटकातून आत शिरले आणि पाय तिथंच थांबले. ओसरीवर माणसं बसली होती. एक म्हातारी, एक कॉलेजात जाणारी मुलगी, तिचा बाप. तिघांच्याही पुढ्यात आई उभी, हातात पितळी वाटी. वाटलेल्या पाल्याचा तो उग्र, हिरवा वास अंगणभर पसरला होता. अण्णा असताना रविवारी जसा असायचा तसाच.

माणसं जाईपर्यंत मी फाटकाशीच उभी होते. मग आत जाऊन विचारलं, "हे काय चालवलंयस तू?"

"लोकं येत्यात की. न्हाय कसं म्हणू?"

"तुला काय माहीत त्यातलं? तू कधी हौदाकडं गेलीस त्यांच्याबरोबर?"

"न्हाय गेले."

"मग पाला कुणी ओळखून दिला?"

आई भाकरीचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्येंनी."

"कुणी?"

"तुझ्या बापानं. सकाळचं येत्यात. फुडं चालत्यात, मी मागनं जाते. दाखवत्यात, हे घे, हे न्हाय. बोलत काय न्हाईत."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मी तिचा चेहरा बघत राहिले. डोळे स्वच्छ होते. ताप नव्हता. भाकरी नेहमीसारखी गोल थापली गेली.

सोलापुरात आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कावीळ बऱ्याच जणांची विश्रांतीनं आपोआप उतरते, मग वाटीत काहीही असो. ज्यांची उतरत नाही त्यांचे हातातले दिवस मात्र वाया जातात. आणि आईला एकटं ठेवू नका. पुढच्या आठवड्यात मी शनिवारीच मुक्कामाला गेले.

सकाळी उजाडायला लागलं तशी आई उठली, तोंड धुतलं, पदर खोचला आणि मागच्या दारानं निघाली. मी थोडं अंतर ठेवून मागं चालले. हवेत गारवा होता. ज्वारी काढून झालेल्या रानात धसकटं उभी होती. आई वाटेवर सरळ चालत नव्हती, तर किंचित एका बाजूनं. पुढं चाललेल्या माणसाला मागून येताना आपण जशी वाट सोडतो, तशी. मध्येच ती थांबली, आणि थोड्या वेळानं पुन्हा निघाली. अण्णांना शेवटी शेवटी दम लागायचा. त्या कडुनिंबाखाली तेही असेच थांबायचे.

हौदापाशी ती खाली बसली. मी जवळ गेले तशी वळून न बघता म्हणाली, "तिकडं सर. तुझी सावली पडतीया."

मी बाजूला झाले. तिनं बोट न लावता एक रोपटं सोडलं, दुसरं सोडलं, तिसरं मुळासकट उपटलं. प्रत्येक वेळी उपटायच्या आधी ती मान वर करून हौदाच्या काठाकडं बघायची. काठावर कुणी नव्हतं. मी तिनं उपटलेलं प्रत्येक रोपटं उलटून बघितलं. सगळ्यांच्या पानांखाली ती बारीक फळं होती. तिनं सोडून दिलेली रोपं मी नंतर तपासली. ती दिसायला तशीच, पण देठ मोडल्यावर पांढरा चीक येणारी होती.

पुढं मोतीबिंदूच्या तपासणीसाठी मी तिला सोलापूरला आणलं. चार-पाच दिवस ती माझ्याकडं राहिली. रविवारी तिला गावी सोडायला गेले तेव्हा ती घरात न शिरता थेट हौदाकडं चालायला लागली. मला वाटलं, आज रिकाम्या हातानं परतावं लागेल. आदल्या दिवशी कुणी हळदकुंकू वाहिलेलं नाही, आणि त्याशिवाय ती रोपट्याला हात लावायची नाही.

हौदाखालच्या ओलीत, एका रोपट्याच्या बुडाशी, हळदकुंकू होतं. कुंकू अजून ओलसर होतं. तांदळाला मुंग्याही लागल्या नव्हत्या.

मी आजूबाजूला बघितलं. चिखलात पाखरांच्या पायांच्या रेघोट्या होत्या आणि आम्हा दोघींच्या पावलांचे ठसे. बाकी काही नव्हतं. त्या दिवशी शेजारीपाजारी सगळीकडं विचारून आले. शेतात येणाऱ्या गड्याला विचारलं, पलीकडच्या वस्तीवरच्या बायकांना विचारलं. कुणीही वाहिलेलं नव्हतं. एखाद्या आजाऱ्याच्या घरचं कुणी येऊन गेलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. आजवर घालत आले आहे. आई एवढंच म्हणाली, "मी न्हवते म्हणून त्येंनाच करावं लागलं."

मी तिला रागावले नाही. कारखान्यात जास्त सुट्ट्या मिळत नव्हत्या, तरी जमेल तसे रविवार-बुधवार साधायला लागले. माणसं आली की पापणी मी बघायची, प्रश्न मी विचारायचे, आणि रक्त तपासल्याचा कागद दाखवल्याशिवाय वाटी पुढं होऊ द्यायची नाही. काहींना मी औषध न देताच दवाखान्याच्या वाटेला लावायची. ती माणसं फाटकाबाहेर जाऊन घुटमळत राहायची. मागं वळून बघितलं की ते पिवळे डोळे माझ्याकडंच लागलेले असायचे. कारखान्यात पिवळ्या कापडाचा गठ्ठा उलगडला तरी मला ते आठवायचे. नवरा म्हणायचा, तू हल्ली झोपेत दचकतेस.

त्या उन्हाळ्यातल्या एका बुधवारी, ऊन वर चढल्यावर, एक मोटारसायकल फाटकाशी थांबली. तरुण पोरगा आणि मागं त्याची बायको. ती उतरली तेव्हा मला तिचं पोट दिसलं. दिवस भरत आले होते. पोरानं तिला धरून ओसरीपर्यंत आणलं. ती खांबाला टेकली आणि तिचे डोळे मिटायला लागले. मिटायच्या आधी मी ते बघितले. डोळेच नाहीत, तळहातसुद्धा पिवळे होते.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"लई न्हाईत. पर कालपास्नं नुसती झोपतीय. हाक मारली तर कुणाला तरी भलत्यालाच वळखल्यावानी बोलतीय." तो सीमेपलीकडच्या गावचा होता, मराठी तोडून तोडून बोलत होता. "तिला मराठी येत न्हाय. कन्नड."

मी काही बोलणार तेवढ्यात आई वाटी घेऊन बाहेर आली. तिनं त्या मुलीला बघितलं. वाटी तिच्या हातात कलंडली आणि हिरवं ताक पायरीवरून ओघळलं. तिचं लक्षही नव्हतं.

"बंदी येन, तंगी?" आई म्हणाली.

आईचं माहेर अक्कलकोटच्या पुढचं, कानडी. पण लग्न होऊन आल्यापासून ती घरात मराठीच बोलायची. मी तिच्या तोंडून कानडी जवळजवळ ऐकलेलं नव्हतं. एवढं मात्र मला कळलं, आलीस का गं धाकटे, असं ती विचारत होती.

मुलीनं डोळे उघडले. आईकडं बघून म्हणाली, "हूं अक्का."

तिकडं कुठल्याही मोठ्या बाईला अक्का म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरी ती सख्ख्या थोरल्या बहिणीला उत्तर द्यावं तशी बोलली होती.

आई खाली बसली, तिचा हात हातात घेतला आणि तो चोळायला लागली. मग माझ्याकडं वळून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "गाडी बग. हिला हितं ठिवायचं न्हाय."

पोरगा गांगरला. "पर आजी, औषध तरी द्या. लई लांबनं आलोय."

"हिचं औषध हितं न्हाय. दवाखान्यात हाय." मग ओसरीच्या रिकाम्या कोपऱ्याकडं, जिथं अण्णा बसायचे तिकडं बघून ती म्हणाली, "व्हय, व्हय. निगालोच."

दूध गोळा करणारी पिकअप डेअरीपाशी उभी होती. मी पळत जाऊन तिच्या ड्रायव्हरला बोलावून आणलं. मागच्या हौद्यात गोधडी टाकली, मुलीला झोपवलं. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी कडेला, पोरगा मोटारसायकलवर मागून. सोलापूर येईस्तोवर आई तिच्याशी बोलत होती. सगळं कानडीत. मुलगी झोपेला आली की आई तिच्या गालावर थापटायची, काहीतरी विचारायची, आणि मुलीला उत्तर द्यायला लावायची. एकदा तर दोघी हसल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आपल्याच आईच्या शेजारी बसून मी परक्यासारखी रस्ता बघत होते.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. नवऱ्याला सह्यांसाठी बोलावलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आईच्या पदराला मुलीच्या घामाचा ओलावा तसाच होता. तिथं, माणसांच्या येण्याजाण्यात, आईनं मला सांगितलं.

"तुला एक मावशी व्हती."

मला माहीत होती. माझ्या जन्माआधी गेली, एवढंच माहीत होतं.

"पोटुशी व्हती. कावीळ झाली. तिच्या सासरच्यांनी हिकडं आणून सोडली, म्हणले, दाजी औषध देत्यात की. त्येंनी दिलं. मी म्हणले, द्या. मधल्या खोलीत निजवली व्हती तिला. पयल्यांदा बरं वाटलं. मग नुसती झोपायला लागली. आम्हाला वाटलं, औषध लागू पडतंय, इसावा घेतीया." आईनं पदराचा ओला भाग मुठीत धरला. "एके दिशी मला वळखंना. मला आईच्या नावानं हाक मारली. मग बैलगाडीत घातली. कुंभारीच्या अलीकडंच गेली ती. पोटातलं बी."

मी तिचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही, पण तिचं लक्ष हाताकडं नव्हतं.

"त्यानंतर तुझ्या बापानं औषध बंद केलं व्हतं. लोकं येऊन बसायची. शेवटाला परत सुरू केलं, पर असली बाई दिसली की त्येंचा जीव थाऱ्यावर राहत नसे. मी कदी त्येंना तुमची चूक म्हणले न्हाय. तुमची चूक न्हाय असं बी म्हणले न्हाय. तो इषयच काढला न्हाय. त्येंना माज्या तोंडनं काय तरी ऐकायचं व्हतं गं. जेवताना बगायचे माज्याकडं. मला कळायचं. मी भाकरी वाढायची आन उठायची."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्सं. म्हणून येत्यात ते. औषधाला न्हाय येत."

मला तेव्हा बाजारातली अण्णांची खाली झुकलेली नजर दिसली, आणि ती लाज नव्हती हे कळलं. जे वाचले ते सांगायला येत नव्हते. जी वाचली नाही ती मात्र त्यांच्या मधल्या खोलीत झोपून होती, आणि ते आयुष्यभर त्याच घरात वावरले. आईही.

मुलीचं पोटातलं बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. ती स्वतः कितीतरी दिवस बेशुद्ध होती. डॉक्टर काही सांगत नव्हते. मी कामावरून सुटल्यावर रोज डोकावून येत होते. तिचा नवरा जिन्याखाली बसलेला असायचा. एके दिवशी मी गेले तर तो धडपडत उठला. मला धसका बसला. मग म्हणाला, "पाणी मागितलं तिनं."

आई तेव्हा माझ्याच घरी होती. मी तिला सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि भिंतीला टेकली. बाळाचं तिनं एकदाही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तिला कळलं असावं.

त्यानंतर आई हौदाकडं गेली नाही. गावी एकदा कपडे, भांडी आणायला गेलो तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "जायचंय का तिकडं?"

"कशाला? आता येत न्हाईत ते."

"तू बोललीस काही त्यांच्याशी?"

"बोलले," ती म्हणाली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. ते त्या दोघांचं होतं.

घराला कुलूप लावलं. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं, कुणी औषधाला आलं तर सरळ दवाखान्यात पाठवा. त्या म्हणतात, अजूनही माणसं येतात. लांबची, ज्यांना काहीच माहीत नाही अशी. काही जण बंद फाटकाशी बसून राहतात. काकू फोन करतात, मी त्यांच्याशी बोलते, कुठं जायचं ते समजावून सांगते. पलीकडून कुणी तरी विचारतं, "पर तुमच्या हातनं न्हाय का?"

शहरात आल्यावर आईचं बोलणं बदलत गेलं. नातीचं नाव विसरायची, दुपारची जेवली की नाही ते विसरायची, आणि दिवसाकाठी तिच्या बोलण्यात कानडी वाढत चाललं. खिडकीपाशी बसून ती तासन्‌तास हळू आवाजात बोलायची. मी जवळ गेले की थांबायची, निघून गेले की पुन्हा सुरू. यंदाच्या थंडीत एके दिवशी तिनं अगदी स्पष्ट मराठीत सांगितलं, "मला तिच्या सासरी न्हे एकदा."

मावशीच्या सासरी कुणाशी संबंध राहिला नव्हता. गावाचं नाव मात्र आईच्या तोंडात होतं. नवऱ्यानं गाडी काढली. अक्कलकोट मागं टाकून बरंच पुढं गेलो. तुरीचं रान, काळी माती, मध्येच कानडी पाट्या. गावात विचारत विचारत घर सापडलं. मावशीचे यजमान जिवंत होते. पार थकलेले, उन्हात बाजेवर बसलेले. त्यांनी पुढं दुसरं लग्न केलं होतं, मुलं-नातवंडं घरात होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी खूप वेळ आईकडं निरखून बघितलं. मग सुनेला चहा टाकायला सांगितला आणि आईला बाजेवर शेजारी बसायला जागा केली.

आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मला वाटलं, आता आई रडेल, किंवा हा माणूस जुनं काही उकरून काढेल. त्याच्याच घरच्यांनी मावशीला आमच्या घरी आणून सोडलं होतं.

चहा आला. आईनं कप हातात घेतला आणि त्यांच्याकडं वळून म्हणाली, "काळजी करू नका भावजी. तिला दवाखान्यात न्हेली व्हती. बरी हाय ती."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्यांनी हातातली बशी बाजेवर टेकवली.

"व्हय?" ते म्हणाले. "लई बरं झालं, अक्का. बरं झालं न्हेली ते."

आईनं मान डोलावली आणि ती फुंकून फुंकून चहा प्यायला लागली.